घरचा प्लंबर

घरचा प्लंबर हा मुख्यतः फ्लॅटमध्ये आढळणारा गृहस्थ. वय पन्नाशीच्या पुढे, व्यवसाय प्लंबिंग सोडून कोणताही. नोकरीत असेपर्यंत तो रविवारीच दिसतो, निवृत्तीनंतर रोज. ओट्यावरचा नळ गळू लागला, की प्लंबरला बोलावण्याची सूचना त्याला लागते. ‘दहा रुपयांच्या वायसरला तीनशे रुपये मजुरी?’ या प्रश्नापुढे घर गप्प बसते.

त्याचे निदान बहुधा बरोबर असते, हे मान्य करायला हवे. जुन्या पितळी नळात स्पिंडलच्या टोकाला रबरी वायसर असतो. नळ बंद करताना तो आतल्या बैठकीवर दाबला जाऊन पाणी अडते. तो झिजला किंवा कडक झाला, की थेंब सुटतो. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चारेक लिटर, हा हिशेब तो आल्यागेल्याला ऐकवतो. ऐकवून होईपर्यंत नळ गळतच असतो.

आधी पाणी बंद करायचे, हेही त्याला ठाऊक असते. पण ओट्याखालचा कॉक वर्षानुवर्षे न फिरवल्याने क्षार धरून बसलेला. मग ‘दोन मिनिटांचं काम’ म्हणत तो गच्चीवर जातो आणि टाकीवरून अख्ख्या विंगचे पाणी तोडतो. साबण लावून उभ्या असलेल्या शेजाऱ्यांशी त्याची ओळख अशीच वाढत गेलेली असते.

हत्यारे श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात असतात: पान्हा, पक्कड, दगड झालेले एम-सील आणि टेफ्लॉन टेप. या टेपने बरेच अनर्थ केले आहेत. वायसर बदलायला तिची गरज नसते. पण टेप घरात आहे, म्हणून तो नळच भिंतीतून काढतो. टेप आट्यांच्या दिशेने, म्हणजे टोकाकडून पाहताना घड्याळाच्या काट्यांप्रमाणे गुंडाळावी लागते. तो उलटी गुंडाळतो, बसवताना ती सुटून येते आणि टेप डुप्लिकेट ठरते. या काळात बॅटरी धरण्याचे काम पत्नीकडे असते. ती नीट न धरणे हे अपयशाचे दुसरे कारण.

वायसर आणायला पुण्यातला असेल तर तो बोहरी आळी गाठतो. जुना वायसर घरीच राहिलेला असल्याने माप बोटांनी दाखवतो आणि तीन आकारांचे वायसर घेऊन येतो. त्यांतला एक जवळपास बसतो. आता नळ तोंडातून न गळता दांड्यापाशी पाझरतो, याला तो प्रगती मानतो. पुढे आठवडाभर घरात ‘हळू बंद करा’ असा हुकूम चालतो. नळ पुन्हा गळलाच, तर शेवटी ज्याने बंद केला तो दोषी. पाव फेऱ्यात बंद होणाऱ्या नव्या नळांत वायसर नसतो, आतले चिनी मातीच्या चकत्यांचे कार्ट्रिजच बदलावे लागते. हे कळायलाही तो नळ एकदा पूर्ण खोलतो.

अखेर तो बँकेत गेलेला पाहून पत्नी प्लंबरला बोलावते आणि भाजीच्या पैशांतून मजुरी देते. परत आल्यावर तो नळ उघडतो, बंद करतो, खाली वाकून पाहतो आणि म्हणतो, ‘बघ, बसला वायसर. त्याला थोडा वेळ द्यावा लागतो.’