नाखव्यांची दुसरी

मढला एकावर भागत नाही. मालाडहून गावात यायचं तर मार्वे रोडने, आक्सा आणि एरंगळ मागे टाकत. रविवारी समुद्र बघायला आलेल्यांच्या गाड्यांनी तो रस्ता भरला की मग पाण्याची वाट, वर्सोव्याची तर. समोर दिसणारं वर्सोवा तरीने काही मिनिटांवर आहे. गाडीने निघालात तर मालाड, गोरेगाव, अंधेरी असं अर्धं उपनगर पालथं घालावं लागतं. पुलाचं बोलणं चालू आहे, पण बोलण्यावरून अजून कुणाची गाडी गेलेली नाही. त्यामुळे ‘जोडीला दुसरं असू दे’ ही सवय गावाला आपोआप लागते. आमच्या नाखव्यांना मात्र ती सवय लागली असं म्हणता येत नाही. त्या सवयीलाच नाखवा लागले.

नाखवा म्हणजे बोटीचा मालक. यांची बोट आता मुलगा बघतो, कारण गुडघ्यांनी दर्याला राजीनामा दिला. पण एकदा दिलेली पदवी परत घ्यायची पद्धत कोळीवाड्यात नाही. नाखव्यांचे चष्मे दोन, एक डोळ्यांवर आणि एक कपाळावर. घराला कुलपं दोन. किल्ल्यांचा एक जुडगा शेजाऱ्याकडे, आणि शेजारी जेजुरीला गेला तर काय म्हणून दुसरा त्याच्या शेजाऱ्याकडे. घराला कुलूप आहे की नाही हे आता त्या गल्लीत कुणालाच महत्त्वाचं वाटत नाही. मढचा किल्ला बांधला पोर्तुगिजांनी, १७३९ साली तो मराठ्यांनी घेतला, हे शाळेतल्या पोरांना सांगताना नाखवा कारणही सांगून टाकतात : “जोडीला दुसरा ठेवला नव्हता त्यांनी.” इतिहासकारांनी या मुद्द्याकडे लक्ष दिलेलं नाही.

या सगळ्याच्या मुळाशी एक सिद्धान्त आहे, आणि तो खोटा नाही. “दर्यान धक्का माराला कोण येतंय?” रस्त्यावर गाडी बंद पडली तर चार माणसं खाली उतरून ढकलतात, दोन वाटसरू सल्ला देतात, एखादा चहाही आणतो. समुद्रात इंजिन उठलं नाही तर बोट वाऱ्याची. म्हणून बोटीवर इंजिनाच्या सेल्फची बॅटरी वेगळी ठेवायची. रात्रभर दिवे, वायरलेस, जीपीएस, मासळी दाखवणारं यंत्र, यांना जे काय खायचं ते दुसऱ्या बॅटरीचं खाऊ दे. नाखव्यांच्या आयुष्यातली अर्धी वर्षं या एका नियमावर सुखरूप किनाऱ्याला लागली. बिघडलं ते एवढंच की तोच नियम त्यांनी जमिनीवर आणला.

जमिनीवर त्यांच्याकडे एक सेकंडहँड बोलेरो पिकअप आहे. पहाटे मासळी बाजारात पोचवायची, येताना बर्फ, डिझेलचे कॅन, कुणाचं कपाट, कुणाच्या हळदीचे स्पीकर. डॅशबोर्डवर एकवीरा आईची तसबीर, तिच्याभोवती रंगीत दिव्यांची माळ, मागे हौद्यात टोपल्या दिसाव्यात म्हणून एलईडीच्या दोन पट्ट्या (एक पुरली असती), एक छोटा पंखा, आणि सीटमागे वूफर. पहाटे तीनला बाजारात गाडी उभी करून टोपल्या उतरेपर्यंत हे सगळं चालू. मग चावी फिरवली की बॉनेटखालून आवाज येतो, ‘टक्’. फक्त टक्.

अशा एका पहाटे मालाडला परक्या माणसांनी नाखव्यांची गाडी ढकलली. ढकलणाऱ्यांत एक कोंबडीवाला होता. नाखवा त्याविषयी अजून बोलत नाहीत. बॅटरी उतरली याचं दुःख नव्हतं; कोळ्याच्या गाडीला कोंबडीवाल्याचा हात लागला, ते लागलं.

लगोलग काही झालं नाही, कारण सीझन चालू होता. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी. बोटी किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीखाली जातात, जाळी शिवायला निघतात, आणि नाखव्यांसारख्या माणसाचे दोन्ही हात एकदम रिकामे होतात. घराघरांतली बंद पडलेली यंत्रं दुरुस्त होतात, आणि चालू असलेलीही. त्या जूनमध्ये एका संध्याकाळी नाखवा घरात शिरता शिरता म्हणाले, “मी दुसरी आणतंय.” नाखवीण बोंबील निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, “ठेवणार कुठं?”

“गाडीन.”

“मग आणा.”

ही बातमी जेट्टीवर पोचली तशी सल्लागार समिती बसली. मढला बंगल्यांमध्ये मालिकांचं शूटिंग चालतं, त्यामुळे समितीत जनरेटर व्हॅनवरचा एक माणूस होता. तो सगळं ‘लोड’वर नेऊन ठेवत असे. इन्व्हर्टरच्या दुकानातला एकजण होता, त्याच्या मते घरातली उंच ट्यूब्युलर बॅटरीच हौद्यात ठेवावी, म्हणजे मासळीला जागा उरणार नाही आणि प्रश्नच मिटेल. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झालेला नाखव्यांचा भाचा होता; त्याला खरंच कळत होतं, म्हणून त्याला कुणी विचारत नव्हतं. नाखवा सगळ्यांचं ऐकून घेतात. चहा सांगतात. मग जे आधी ठरवलं होतं ते करतात.

पहिल्या दिवशी हाताने घात केला. बोटीवरच्या मोठ्या डिझेल इंजिनाला चोवीस व्होल्ट लागतात, म्हणून तिथे बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडतात, एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला. वर्षानुवर्षं हाताला तेच वळण. पिकअप सगळी बाराची. नाखव्यांनी दुसरी बॅटरी ओळीने जोडली आणि दिव्यांचं बटण दाबलं. दोन-तीन सेकंद एकवीरा आईच्या तसबिरीला असा उजेड मिळाला की समोरच्या बंगल्यातल्या कॅमेरामनने मान वळवली. मग माळ गेली, पट्ट्या गेल्या, आणि वूफरने एक अखेरचा हुंकार दिला. नाखवा शांतपणे म्हणाले, “बल्ब जुनेच होते.”

मग प्लसला प्लस आणि मायनसला मायनस. हे बरोबर, व्होल्ट बाराच राहतात आणि साठा दुप्पट. वायर मात्र त्यांनी घरातल्या पंख्याची वापरली. सेल्फ मारताना क्षणभर शंभर-दोनशे अँपिअर वाहतात. ती वायर पापड भाजण्याइतकी तापली आणि तिचं कव्हर चेसिसला चिकटलं. भाच्याने न विचारता वेल्डिंगची जाड तांब्याची केबल आणून ठेवली, टोकांना लग दाबून. ती कशी आली याची चौकशी नाखव्यांनी केली नाही. आपणच आणली असावी अशी त्यांची समजूत झाली.

जाड केबलीवर गाडी झकास चालली. दोन पहाटा. तिसऱ्या पहाटे पुन्हा ‘टक्’. आता हे समजायला सोपं आहे : दोन्ही बॅटऱ्या कायम एकमेकींना जोडलेल्या, तेव्हा वूफर काय एकीचं खातो आणि दुसरीला उपाशी ठेवतो असं नाही, तो दोघींचं खातो. शिवाय जुनी बॅटरी थकलेली. ती उभ्या गाडीत नवीकडून ओढत राहते. आधी एक झोपायची, आता दोघी मिळून झोपल्या. नाखवीण म्हणाल्या, “दुसरी आणली की असंच होतं.”

तेव्हा नाखव्यांनी बोटीवरचा हाताचा स्विच काढून आणला. लाल मूठ, चार खुणा : एक, दोन्ही, दोन, बंद. गाडी चालू असताना मूठ ‘दोन्ही’वर, म्हणजे दोघीही भरतील, उभी केली की ‘दोन’वर, म्हणजे गाणी दुसरीवर आणि पहिली राखीव. उपाय शंभर टक्के बरोबर आहे आणि जगभरच्या बोटी तो वापरतात. त्याला एकच गोष्ट लागते, मूठ फिरवायची आठवण. ही आठवण राहावी म्हणून नाखव्यांनी टोपल्या उचलणाऱ्या पोराला नेमलं. पोरगं विसरलं तर म्हणून दुसरं पोरगं नेमलं. मग दोघांनीही फिरवली. पहिल्याने ‘दोन’वर नेली, दुसऱ्याने काम झालेलं नाही असं समजून आणखी एक खूण पुढे.

आता भाच्याला बोलवणं भाग होतं. तो एक काळी डबी घेऊन आला, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. “मामा, हा रिले. याला व्होल्टेज कळतं. इंजिन चालू झालं, अल्टरनेटरने चौदाच्या आसपास द्यायला सुरुवात केली, पहिली बॅटरी तेरा पॉइंट तीनच्या वर गेली की हा दोघींना जोडतो. इंजिन बंद, व्होल्टेज बारा पॉइंट आठला उतरलं की तोडतो. मग दुसरी रिकामी होऊ दे, पहिलीला कोण हात लावत नाय.”

नाखव्यांना हे मुळीच आवडलं नाही. त्यांच्या गाडीत जोडायचं कधी आणि तोडायचं कधी हे डबी ठरवणार? बोटीवर तांडेलाला, म्हणजे कप्तानाला, विचारल्याशिवाय कुणी गाठ सोडत नाही. “हिला झोप लागली तर?” ते म्हणाले. भाच्याने सांगितलं की रिलेला झोप लागत नाही. “सगळे असंच सांगतात,” नाखवा म्हणाले, आणि बंदरात नोकरीला ठेवलेल्या एका राखणदाराची लांब गोष्ट सुरू झाली, ती इथे गाळतो.

गोष्ट संपल्यावर भाचा म्हणाला, केबलीच्या दोन्ही टोकांना फ्यूज लागेल. प्रत्येक बॅटरीपासून वीतभर अंतरात एकेक. कारण या केबलीत करंट दोन्हीकडून येतो. मधे कुठे ती चेसिसला घासली आणि एकाच टोकाला फ्यूज असला तर दुसऱ्या टोकाची बॅटरी केबल जाळत बसेल.

नाखव्यांचा चेहरा उजळला. “दोन फ्यूज?”

“दोन.”

“मग बोलत काय बसलास? लाव.”

साऱ्या प्रकरणात एका फटक्यात मान्य झालेला हा एकमेव तांत्रिक मुद्दा. पुढचं काम मात्र दोघांनी जोडीने केलं, आणि खरं सांगायचं तर ते बघण्यासारखं होतं. बॅटरीसाठी मरीन प्लायची पेटी, तिला बोटीवर देतात तसा फायबरचा हात. वरच्या कडेला भोकं, कारण भरताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तो कोंडून चालत नाही. टर्मिनलला व्हॅसलीन, कारण मढच्या हवेतलं मीठ भाताला पुरेल इतकं असतं आणि धातूला दोन महिन्यांत पांढरा-हिरवा मोहोर येतो. पेटी आवळायला भाच्याने लोखंडी पट्टी काढली, नाखव्यांनी जाळ्याची नायलॉनची दोरी. वाद झाला. पेटीला दोन्ही लागलं. पावसाळ्यानंतर पट्टी गंजून तुटली. गाठ तशीच आहे, ती आता सुटतही नाही.

पाण्यावरून एक दिवस गेला. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं. नाखवा शूटिंगच्या बंगल्याबाहेर एसीच्या नळीखाली कॅन लावून पाणी भरत. मोठमोठ्या नटांच्या खोलीतलं पाणी आहे, ते वाईट असेल कसं, हा त्यांचा मुद्दा. एसीच्या पाण्यात धूळ उतरते, कॉइलचा धातू उतरतो, प्लेटा लवकर जातात, असं भाच्याने सांगून पाहिलं. शेवटी दुकानातल्या बाटल्या आल्या आणि एसीच्या पाण्याने गाडी धुतली गेली. तुळशीलाही घातलं असतं, नाखविणींनी दार अडवलं.

नारळी पौर्णिमेला नारळ दर्याला गेला, बोटी उतरल्या, आणि पिकअपचीही रिलेवरची पहिली पहाट आली. बाजारात टोपल्या उतरेपर्यंत गाणी चालली, दिवे चालले, पंखा चालला. कोंबडीवाला लांबून बघत होता. वूफरचा आवाज बसला, मग दिवे मंदावले, दुसरी बॅटरी संपली. नाखव्यांनी चावी फिरवली आणि इंजिन पहिल्या फटक्यात उठलं. थोड्या वेळाने खालून रिलेचा आवाज आला, ‘टिक्’. नाखव्यांनी ऐकला. परतताना त्यांनी मार्वेपर्यंत गाणं लावलं नाही. डबीचं काम नीट चाललंय ना ते कानाने तपासत होते.

एवढ्यावर थांबणारा माणूस दुसरा. आठवडाभरात त्यांनी भाच्याला विचारलं, रिले बिघडला तर? भाच्याने सांगितलं, लाल मुठीचा जुना स्विच बाजूला लावून ठेवू, अडीनडीला हाताने जोडता येईल. लावला. मग दोघींचं व्होल्टेज दिसायला हवं म्हणून डॅशबोर्डवर एक छोटा मीटर बसला. त्यावर दिसायचं, बारा पॉइंट सहा. हा खरं बोलतो कशावरून, म्हणून शेजारी दुसरा बसला. त्याच बॅटरीवर तो दाखवतो बारा पॉइंट आठ. स्वस्त मीटरांत एवढा फरक पडतोच, बारा पॉइंट सहाला बॅटरी भरलेली असते आणि आठलाही भरलेलीच, काळजीचं कारण नाही, असं भाचा कळकळीने सांगत होता. नाखव्यांना मात्र दोघांत एक खोटारडा आहे एवढंच दिसत होतं. न्याय करायला तिसरा पाहिजे. बॉनेट उघडं पडलेलं, म्हणून ते २७१ नंबरच्या बसने मालाडला गेले. तिथे दुकानात उभं राहिल्यावर मनात आलं की पंचच खोटा निघाला तर काय, म्हणून दोन घेतले.

सध्या डॅशबोर्डवर चार मीटर आहेत आणि मतं दोन-दोन पडली आहेत. भाच्याचा फोन लागत नाही. नाखव्यांनी एका मोबाइलवरून लावला, मग दुसऱ्यावरून.