पणजोबा आणि घोडा

बेंगळूरच्या चामराजपेटेत घोड्याचा जुना फोटो निघाला की त्यावरचे पणजोबा आपोआप शूर होतात. पेठ 1892 ची, नाव म्हैसूरचे महाराज दहावे चामराजेंद्र वोडेयर यांचं. मग घोडा निदान म्हैसूर लान्सर्स या संस्थानी घोडदळाचा तरी हवाच! जोधपूर आणि म्हैसूर लान्सर्सनी 23 सप्टेंबर 1918 ला तुर्कांकडून हैफा घेतलं, हे खरं. पण भिंतीवरचे सगळेच पणजोबा तिथं असते, तर तुर्क नुसती गर्दी पाहून पळाले असते.

फोटो जरा जवळून पाहावा. पणजोबांच्या हातातला लगाम सैल, आणि घोडा आवरून धरणारा मोतद्दार कडेला अर्धा कापलेला.

बेंगळूरचे जहागीरदार शहाजीराजे मात्र खरोखरच जन्मभर घोड्यावर; 1664 मध्ये होदिगेरेजवळ शिकारीत घोड्यावरून पडूनच गेले. तेव्हा कॅमेरा नव्हता. असता तर त्यांच्या मागेही कुणाचे तरी पणजोबा दौडताना सापडले असते.