पोवळं, गुलकंद आणि कांदा

शेक्सपिअरच्या सुनीतांचं पुस्तक १६०९ साली लंडनमध्ये छापून निघालं. त्यातल्या १५४ सुनीतांपैकी १३०व्यात या गृहस्थाने आपल्या प्रेयसीचा जाहीर पंचनामा केला आहे. तिचे डोळे सूर्यासारखे नाहीत, पोवळं तिच्या ओठांहून लाल आहे, अत्तराचा वास तिच्या श्वासाहून बरा आहे. प्रेम आहे, हे तो शेवटच्या दोन ओळींत सांगतो. एरवी कुठल्याही घरात तिथपर्यंत पोचायची सोय नसते. दुसऱ्याच ओळीला स्वयंपाकघरातून भांडं आपटल्याचा आवाज येतो.

हे सुनीत त्र्यंबकेश्वर तालुक्यात, हरसूलच्या वर्गात शिकवायला घेणारा मास्तर पोवळ्यालाच अडखळतो. समुद्र इथून लांब. पोरांनी पोवळं पाहिलेलं असतं ते त्र्यंबकच्या दुकानात, अंगठीत. त्यामुळे मागच्या बाकावरून विचारणा होते, "सर, तिला मंगळ होता का?" पुढे बर्फ येतो. बर्फ म्हणजे जत्रेतला गोळा, आणि तोही लाल-पिवळा. शेक्सपिअरने बर्फाशी नेमकी कशाची तुलना केली आहे, हे सांगायचं मास्तर टाळतो आणि घाईघाईने केसांवर येतो. केस तारांसारखे! तार म्हणजे शेताच्या कुंपणाची. त्या काळचे कवी सोनेरी केसांना सोन्याच्या तारांची उपमा देत, असा खुलासा केल्यावर वर्गाच्या चेहऱ्यावर सोनेरी केसांच्या बाईबद्दल निव्वळ सहानुभूती दिसते.

शेक्सपिअरचा राग त्या बाईवर नव्हताच. १३२७ साली इटालियन कवी पेत्रार्कने आव्हिन्योंच्या चर्चमध्ये लॉरा नावाची स्त्री पाहिली आणि पुढे तिच्यावर शेकड्यांनी कविता केल्या. मग तिचेच सूर्य, गुलाब आणि मोती इंग्रज कवींनी सोळाव्या शतकात उसने वापरले. म्हणजे हे लेकी बोले सुने लागे. बोलणी प्रेयसीला, टोमणे कवींना.

पण एवढा पंचनामा होऊनही ती बाई कशी होती ते कळत नाही ते नाहीच. काय नव्हती, याचीच यादी. वास्तव म्हणून हाताशी लागतं ते जवळजवळ एवढंच, की ती जमिनीवर पाय टेकून चालते, देवतेसारखी तरंगत नाही. आवणीला बाया गुडघाभर चिखलात, वाकून, भाताची रोपं लावत उलट पावली सरकतात, त्या गावात जमिनीवरून चालणं ही काही उणीव नव्हे. चिखलात एवढी ओळ सरळ ठेवणारीवर कुणी चौदा ओळी लिहिल्या, तर त्यात सूर्याला फक्त उकाड्यापुरती जागा मिळेल.

या बाबतीत आचार्य अत्रे शेक्सपिअरच्या पुढे गेले, असं म्हणायला हरकत नाही. १९२५ सालच्या 'झेंडूची फुलें'मधल्या 'प्रेमाचा गुलकंद' या कवितेत प्रियकर नेमाने गुलाब आणून देतो. ती आधी काहीच बोलत नाही; शेवटी आतून गुलकंदाची बरणी आणते. तिच्या डोळ्यांचा रंग कुणाला आठवत नाही, पण बाई जन्मभर लक्षात राहते. साखर तिने पदरची घातली असणार, हेही विसरू नये.

कॅरल ॲन डफी या कवयित्रीने तर गुलाबच रद्द केला. त्या २००९ साली ब्रिटनच्या पहिल्या स्त्री राजकवी झाल्या, पण त्याआधी १९९३च्या संग्रहातल्या 'व्हॅलेंटाइन' या कवितेत त्यांनी प्रेमाची भेट म्हणून कांदा देऊ केला. इंग्लंडात याला धाडस म्हणतात. नाशिक जिल्ह्यात ती भेट उदार की फुकटची, हे लासलगावचा भाव बघून ठरतं.

मास्तर कांद्याच्या पदरांतला अर्थ उलगडायला लागतो. निफाडकडे मजुरीला जाऊन आलेला एक जण हात वर करतो.

"सर, लाल की उन्हाळ?"

कवितेत तसं काही दिलेलं नाही, असं मास्तर सांगतो.

"चौदा फेब्रुवारीला कुठला उन्हाळ? लालच असणार. टिकत नाही, सर, तो."