सरळ रूप द्या

बैजिक राशीला सरळ रूप देणे म्हणजे पसरलेला कारभार आवरणे. सारख्या पायाची पदे एकत्र करायची, कंस सोडवायचे, ऋण घातांक घालवायचे. राशी मुळात इतकी वाकडी केली कोणी, हे पुस्तक सांगत नाही. केज तालुक्यातले नांदूरघाट असो की मुंबईचे नरिमन पॉइंट, वाकडेपणा सारखाच आणि नियमही तेच.

पाया समान असला की गुणाकारात घातांकांची बेरीज होते, भागाकारात वजाबाकी. म्हणून क² × क³ = क⁵. पण (क²)³ आले की घातांकांचाच गुणाकार होतो आणि उत्तर येते क⁶. निम्मा वर्ग इथेच गारद होतो. जुन्या भारतीय बीजगणितात ही खबरदारी नावातच घेतलेली असे. सहाव्या घाताला ‘वर्गघन’, पाचव्याला ‘वर्गघनघात’. शेवटी ‘घात’ जोडला की वर्ग आणि घन यांचा गुणाकार समजायचा. अक्षराच्या डोक्यावर बारीक आकडा बसवण्याची आजची रीत देकार्तच्या १६३७च्या भूमितीग्रंथातली. तिने कागद वाचला, गुण वाचले असे म्हणवत नाही.

बेरजेला यातला एकही नियम लागत नाही. क² + क³ तसेच राहते. त्याचे क⁵ करणे हा उत्साह झाला, गणित नव्हे.

क³ ÷ क³ म्हणजे क⁰. राशीला तिनेच भागले की १ उरतो, म्हणून क⁰ = १; फक्त क शून्य नसावा. ऋण घातांकाचे वागणे निवडणुकीतल्या उमेदवारासारखे असते: रेघ ओलांडली की चिन्ह बदलते, वजन तेवढेच राहते. म्हणून क⁻² = १/क².

आता (२क³ख⁻²)² ÷ (४क⁻¹ख) घ्या. बाहेरचा वर्ग कंसातल्या प्रत्येकाला लागतो, कोपऱ्यात गप्प बसलेल्या २ लासुद्धा. त्याला हमखास विसरतात. वर्ग केल्यावर ४क⁶ख⁻⁴ मिळते. भागताना ४ ने ४ जातो. क चा घातांक ६ − (−१) = ७; इथे दोन उणे शेजारी पाहून ५ लिहिणारेही भेटतात. ख चा घातांक −४ − १ = −५. उत्तर क⁷/ख⁵.

पडताळ्यासाठी क आणि ख ला १ देऊ नये. १ चा कोणताही घात १ च, त्यामुळे घातांकाची चूक बिनबोभाट पास होते. दोघांनाही २ द्यावेत. मूळ राशीतून ४ येतात, उत्तरातूनही ४ च येतात.