कट-ऑफ किती लागलाय?

दहावीला 97 टक्के, बारावीला 95, तबल्याच्या दोन परीक्षा आणि वृद्धाश्रमात फळं वाटतानाचे फोटो. एवढ्यावर अमेरिकेतलं ॲमहर्स्ट कॉलेज मिळेल का, असं पुण्यातले एक पालक विचारत होते. ‘बाकी काही नको, फक्त कट-ऑफ सांगा.’

कट-ऑफ नसतोच, हे ऐकल्यावर त्यांना कॉलेजच्या सचोटीविषयीच शंका आली. मेन राज्यातल्या बोडन कॉलेजने तर 1969 पासून प्रवेश परीक्षेचे गुण ऐच्छिक ठेवलेत, म्हटल्यावर ते गरजले, ‘म्हणजे मॅनेजमेंट कोटा!’ हसू नका. गृहस्थ फारसे चुकले नव्हते.

ॲमहर्स्ट दहा टक्क्यांहून कमी अर्जदारांना घेतं. शंभरातले काही घेतात म्हणजे आमचा बंड्या आलाच, हा आपला हिशेब. पण तिथली पहिल्या वर्षाची तुकडी पावणेपाचशेच्या आसपास. त्यातले जवळपास एक तृतीयांश कॉलेजच्या संघांतून खेळणारे. खेळासाठी शिष्यवृत्ती नाही, हे खरं. पण प्रशिक्षकाने पुढे सरकवलेल्या नावांना प्रवेश कार्यालयात मान असतो. शिवाय तुकडीचा मोठा हिस्सा ‘अर्ली डिसिजन’ने, म्हणजे ‘घेतलंत तर इथेच येईन’ असं नोव्हेंबरात लिहून देणाऱ्यांनी भरतो. उरलेल्या जागांसाठी जानेवारीत उरलेलं जग. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप देणं ॲमहर्स्टने 2021 मध्ये थांबवलं, सगळ्यांनी नाही. आणि ऑर्केस्ट्रातली ओबो वाजवणारी यंदा पदवी घेऊन गेली असेल, तर ओबोवाली हवी. तबला नंतर बघू.

खरी मेख पैशांत आहे. वर्षाचा सगळा खर्च 90 हजार डॉलरच्या घरात. परदेशी मुलाला निवडताना त्याची ऐपत न बघणारी कॉलेजं ॲमहर्स्ट, बोडन अशी मोजकीच, त्यामुळे तिथे झुंबड. बाकी बहुतेक ठिकाणी ‘आर्थिक मदत हवी’ या चौकटीत खूण केली की ती खूणही गुणांसारखीच तपासली जाते. पूर्ण पैसे भरणाऱ्याची संधी निराळी, मदत मागणाऱ्याची निराळी. छापली जाते ती दोघांची मिळून एकच टक्केवारी.

तरीही समुपदेशक ‘रीच, मॅच, सेफ्टी’ (अवघड, जमेलसं, हमखास) अशी तीन रंगांची यादी करून देतात, आणि यादीची फी काळ्या अक्षरांत. त्या पालकांच्या यादीत स्वार्थमोर आणि पोमोना ही ॲमहर्स्टसारखीच कॉलेजं ‘मॅच’च्या हिरव्या रकान्यात होती. दर शंभरांतल्या नव्वदाहून जास्त मुलांना परत पाठवणारं कॉलेज कुणाचंच ‘मॅच’ नसतं. तिथे तो रकाना लालच.

तेव्हा पालकहो, मुलीला निबंधाचं पहिलं वाक्य सुचण्याआधी वर्षाला आपण खरोखर किती देऊ शकतो, तो आकडा कागदावर लिहा आणि तिला दाखवा. मग त्या आकड्यात भागेल, निम्म्याहून जास्त अर्जदारांना प्रवेश मिळेल आणि ती खुशीने जाईल, असं एक तरी कॉलेज आधी शोधा. ॲमहर्स्टचा अर्ज त्यानंतर भरा.