आमच्या ग्रुपची घटना

क्रिकेटचे कायदे लंडनच्या एमसीसीने केले, असं सांगतात. केले म्हणजे लिहून काढले, एवढंच. मूळ कर्ते वेगळेच. 1771 साली व्हाइट नावाचा एक गडी हॅम्बल्डनविरुद्ध खेळायला उतरला तो स्टम्पांच्या रुंदीएवढी बॅट घेऊन. बॉल कुठूनही येवो, पुढे फळकूट उभंच. बॅट सव्वाचार इंचांपेक्षा रुंद नको, हा नियम त्या माणसाची कमाई. 1979 साली डेनिस लिली पर्थच्या कसोटीत अ‍ॅल्युमिनियमची बॅट घेऊन आला, म्हणून बॅट लाकडाचीच हवी असं लिहावं लागलं. 1981 साली न्यूझीलंडला बरोबरीसाठी शेवटच्या बॉलवर सहा धावा हव्या होत्या. ट्रेव्हर चॅपेलने थोरल्या भावाच्या सांगण्यावरून तो बॉल जमिनीवरून घरंगळत सोडला आणि अंडरआर्मचं दार बंद करून घेतलं. सभ्य गृहस्थांचा खेळ म्हणतात तो हाच. प्रत्येक कलमाच्या मागे एक इरसाल माणूस उभा आहे.

वणीतल्या आमच्या क्रिकेटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला आचारसंहिता करायचं ठरलं, तेव्हा ती लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ‘पेपरात नाव येते ना तुमचं? मंग लिहा,’ असं फर्मान मेडिकलवाल्या भाऊंनी काढलं. ग्रुपमध्ये वेकोलिच्या उकणी-निलजईच्या कोळसा खाणींत पाळी करणारे आहेत, कापसाचे व्यापारी आहेत, मास्तर आहेत, वकील आहेत आणि पुण्याला नोकरीला जाऊन तिथून आम्हाला अक्कल शिकवणारी पोरंही आहेत. मी आधी थोर थोर तत्त्वं लिहिली. परस्पर आदर, खिलाडूवृत्ती, संयमित भाषा. ती टाकल्याबरोबर अंगठ्यांचा पाऊस पडला. ग्रुपवर अंगठा आला की समजावं, वाचलेलं नाही. मग तत्त्वं गुंडाळून ठेवली आणि एमसीसीची वाट धरली. आधी गुन्हा, मग नियम.

माझी पहिली शंका स्वतःच्या कातडीची होती. मी अ‍ॅडमिन. उद्या कोणी वाट्टेल ते लिहिलं तर पोलीस कोणाला नेणार? आमचे वकीलसाहेब टिळक चौकात चहा पिता पिता म्हणाले, ‘घाबरू नका. 2021 मध्ये आपल्याच नागपूर खंडपीठाने सांगून ठेवलं आहे. मेंबरने आक्षेपार्ह लिहिलं तर निव्वळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कोणाला धरता येत नाही. संगनमत पाहिजे.’ प्रकरण गोंदियाकडचं होतं. म्हणजे याही बाबतीत विदर्भाने देशाला वाट दाखवली. मी सुटकेचा श्वास सोडतो न सोडतो तोच ते म्हणाले, ‘अ‍ॅडमिनला मेंबर घ्यायचा आणि काढायचा, एवढाच काय तो अधिकार, असंही कोर्टाचं म्हणणं आहे. बाकी तुमच्या हातात काही नाही.’ ग्रुपला हे कोर्टाच्या आधीपासून ठाऊक होतं.

तर कलम पहिलं. 29 जून 2024ची रात्र, बार्बाडोस, टी-20 विश्वचषकाची फायनल. दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या ओव्हरमध्ये सोळा हवेत, समोर मिलर. आमच्याकडे ज्यांच्या घरी डिश आहे त्यांना मॅच आधी दिसते आणि मोबाइलवर बघणाऱ्यांकडे तोच बॉल बऱ्याच उशिराने पोचतो. हार्दिकने बॉल टाकला, मिलरने उचलला, सूर्यकुमारने सीमारेषेच्या आत-बाहेर कसरत करून तो झेलला आणि मेडिकलवाल्या भाऊंनी आनंदाच्या भरात टाइप केलं, ‘गेलाऽऽ!’ मोबाइलवाल्यांचा हार्दिक तेव्हा रनअपकडे चालत जात होता. त्यांनी सरळ अर्थ लावला, सिक्स गेला. एकाने खाली ‘गेली’ लिहिलं, म्हणजे मॅच. दुसऱ्याने लिहिलं, ‘चला, झोपा.’ रविवारची पहिली पाळी लागलेले एक भाऊ खरोखरच मोबाइल बंद करून झोपले. पहाटे खाणीवर कोणीतरी पेढा पुढे केला, तर त्यांनी विचारलं, ‘कायचा?’ भारत सात धावांनी जगज्जेता होऊन रात्र उलटली होती. तेव्हापासून मेडिकलवाल्या भाऊंचा फोन आला की हे खाणवाले भाऊ ‘हॅलो’च्या आधी विचारतात, ‘कोण गेला ते सांग पहिले.’

कलम 1 : ‘गेला’ असे मोघम लिहू नये. कोण गेला, आउट होऊन गेला की बाउंड्रीपार गेला, हे नमूद करावे. पोटकलम : लाइट गेल्यास सुरुवातीला ‘लाइट’ हा शब्द लिहावा.

कलम दुसरं 19 नोव्हेंबर 2023चं. अहमदाबादला विश्वचषकाच्या फायनलमध्ये ऑस्ट्रेलियाच्या ट्रॅव्हिस हेडने 137 काढले आणि आमचे लोक ग्रुप सोडून जाऊ लागले. जणू हेड आमच्या ग्रुपचा मेंबर होता. एक जण तर ‘आयुष्यात क्रिकेट पाहणार नाही’ असं लिहून बाहेर पडला आणि चार दिवसांनी विशाखापट्टणमला त्याच ऑस्ट्रेलियाशी टी-20 सुरू झाली तेव्हा मला खासगीत मेसेज आला, ‘भाऊ, घेऊन घ्या ना आत.’ एवढ्या लवकर आयुष्य संपलेलं पाहून वाईट वाटलं. आता नियम असा की रागाने गेलेला माणूस पूर्ण मालिका बाहेर राहील. अपवाद, घरच्या पोराने मोबाइल घेऊन चुकून बाहेर काढलेले. आजवर जेवढे गेले, ते सगळे पोरानेच काढलेले निघाले.

कलम तिसरं नातेसंबंधांचं. आमच्यात एक सासरे-जावई आहेत. आयपीएलमध्ये सासरे चेन्नईचे, जावई मुंबईचे. ऐन एप्रिलमधली रात्र, कूलरसुद्धा गरम हवा फेकत होता, चेन्नईचा डाव रखडलेला, आणि जावयाने लिहिलं, ‘या वयात उतरायचं कायले मैदानात? घरी बसा, नातवंडं खेळवा.’ लिहिलं होतं चाळिशी ओलांडलेल्या धोनीबद्दल. पण सासरेबुवा नुकतेच नोकरीतून निवृत्त झाले होते, कृषी केंद्र टाकायचं म्हणत होते आणि घरात त्याच विषयावरून रणकंदन चालू होतं. त्यांनी विचारलं, ‘कोणाले म्हणून राह्यले, जावईबापू?’ ग्रुप चिडीचूप. जावयाने घाईघाईने मेसेज पुसला. पुसल्यावर तिथे पुसल्याची पाटी उमटते. त्यामुळे ज्यांनी वाचला नव्हता तेही विचारू लागले, काय होतं, काय होतं. ज्यांनी वाचला होता त्यांनी स्क्रीनशॉट टाकला. तो सासूबाईंपर्यंत पोचला. त्यांनी वाचून एका वाक्यात निकाल दिला, ‘बरोबरच तर बोलले ते.’ धोनीबद्दल की कृषी केंद्राबद्दल, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

कलम 3 : खेळाडूच्या वयावर बोलण्यापूर्वी ग्रुपमधील ज्येष्ठांची वये आठवावीत.

चौथं कलम मात्र हसण्यावारी नेलेलं नाही. 2021 मध्ये दुबईला पाकिस्तानकडून हरल्यावर शमीच्या धर्मावरून त्याला काय काय ऐकावं लागलं, ते देशाने पाहिलं. कोहली पाठीशी उभा राहिला म्हणून बरं. पुढच्या वर्षी आशिया चषकात अर्शदीपच्या हातून एक कॅच सुटला आणि लोक त्याच्या मागे लागले. आमच्याकडे हा प्रश्न सुटला तो उमेश यादवमुळे. उमेशला एकदा मार पडत होता आणि पुण्याच्या एका पोराने त्याच्या घरादाराचा उद्धार केला. उमेशचे वडील खापरखेड्याजवळच्या वलनी खाणीत कामाला होते, आणि ग्रुपमधले निम्मे लोक कोळशावर जेवतात, हे त्या पोराच्या ध्यानात राहिलं नाही. आमचे एक डंपर ऑपरेटर भाऊ कधी काही लिहीत नाहीत. त्यांनी त्या रात्री लिहिलं, ‘बॉलिंगले नाव ठेव. बापाले ठेवशीन तर तुह्या घरासमोर डंपर खाली करतो.’ पोरगा पुण्यात होता, पण घर वणीतच होतं. त्याने माफी मागितली, शिवाय उमेशचे कसोटीतले बळी किती, तेही लिहून पाठवलं. कलम 4 : टीका खेळावर करावी. आई, बाप, बायको, जात, धर्म, गाव यांना बॅटिंग-बॉलिंग येत नाही, सबब त्यांना मध्ये आणू नये. ‘बे’ ही शिवी धरावी का, यावर चर्चा झाली. धरल्यास ग्रुप बंद करावा लागेल, असं निघाल्यावर ‘बे’ला सूट देण्यात आली.

बाकीची कलमं किरकोळ. सुप्रभात नको, एनए प्लॉटच्या जाहिराती नकोत, कापसाचा भाव इनिंगच्या ब्रेकमध्येच टाकावा. पैसे लावलेल्या फॅन्टसी टीमचे फोटो नकोत, असं एक कलम होतं. ते कोणी पाळत नव्हतं. शेवटी ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनेच पैशांच्या ऑनलाइन गेमिंगवर बंदीचा कायदा केला. आमचं एक कलम राष्ट्रपतींच्या सहीने अमलात आलं, याचा मला अजून अभिमान आहे.

राहिली शिक्षा. आयसीसी मॅच फी कापते आणि डिमेरिट पॉइंट देते. आमच्याकडे फी नाही आणि डिमेरिट तर प्रत्येकाकडे आधीच भरपूर. म्हणून दंड ठरला, टिळक चौकात हजर मेंबरांना तर्री-पोहे. ही चूक कोणाच्या लक्षात आली नाही. दुसऱ्याच आठवड्यापासून लोक क्रिकेट सोडून एकमेकांचे मेसेज बघू लागले. सकाळी दहापर्यंत कोणी नियम मोडला नाही, तर ग्रुपवर उदासी पसरायची.

नियमांची खरी परीक्षा झाली ती रणजीच्या फायनलला. महाशिवरात्रीला, 26 फेब्रुवारी 2025 रोजी, जामठ्याला विदर्भ विरुद्ध केरळ सुरू झाली. दानिश मालेवारने 153 ठोकले, विदर्भ 379. ग्रुपमध्ये आम्ही सगळे विदर्भाचे आणि केरळचे एकटे एक साहेब. नोकरीनिमित्त आले ते इथलेच झाले. केरळ क्वार्टर फायनलला एका धावेच्या आघाडीने आणि सेमी फायनलला दोन धावांच्या आघाडीने पुढे आलेला. त्या दोन धावाही कशा, तर गुजरातच्या नागवासवालाने मारलेला फटका शॉर्ट लेगच्या हेल्मेटवर आपटून थेट स्लिपमधल्या सचिन बेबीच्या हातात. साहेब ती गोष्ट रोज सांगायचे. तिसऱ्या दिवशी तोच सचिन बेबी 98वर आउट झाला, केरळ 342वर संपला, आघाडी आमच्याकडे आली. आणि ग्रुपवर एक शब्द नाही. आचारसंहिता नुकतीच लागू झालेली. एकट्या माणसाला कसं डिवचायचं, त्यात बाहेरगावचा, कोणतं कलम लागतं कोण जाणे, म्हणून जो तो गप्प. एकाने तर ‘सचिन बेबी छान खेळले’ असं लिहिलं. तासाभराने साहेबांचाच मेसेज आला, ‘काऊन बे, कोणी काई बोलून नाई राह्यले? मी मेलो का?’

मग जे सुटलं ते 2 मार्चला मॅच अनिर्णित संपून पहिल्या डावाच्या आघाडीवर विदर्भ तिसऱ्यांदा रणजी जिंकेपर्यंत चाललं. हेल्मेटचे फोटो, नारळाचे फोटो, डोक्यावर हेल्मेट घातलेल्या नारळाचे फोटो. साहेब खूश. त्यांच्या मागणीवरून कलम 11 आलं : सभ्यपणाचा अतिरेक करू नये. ज्याला कोणी चिडवत नाही, तो ग्रुपमध्ये नाही असे समजण्यात येईल.

हे कलम वाचून आमचे एक निवृत्त गुरुजी माझ्या घरी आले. गुरुजी म्हणजे ग्रुपचं भूषण. मेसेज मोजका, वेळेवर, विरामचिन्हांसकट. खुर्चीत बसून त्यांनी गंभीरपणे विचारलं, ‘अकरा कलमं झाली. माझ्यामुळे एकही नाही?’ मी म्हटलं, ‘गुरुजी, तुमच्या वागण्यात दोषच नाही.’ ‘म्हणजे अकराव्या कलमाप्रमाणे मी ग्रुपमध्ये नाही,’ ते म्हणाले आणि चहा न घेता उठले.

पुढच्या मॅचला पहिल्या बॉलपासून गुरुजी गप्प. इनिंग संपली आणि त्यांनी वहीच्या पानांचे फोटो टाकायला सुरुवात केली. त्या दिवशीचा प्रत्येक मेसेज त्यांनी वळणदार अक्षरात उतरून घेतला होता, लाल शाईने तपासला होता आणि शेजारी गुण दिले होते. ‘काय मारला बे’, दहापैकी चार, उद्गारचिन्ह राहिले. जावयाला तीन, सासऱ्यांना साडेतीन, त्यावरून वेगळं भांडण. मला पाच, शेरा : ‘पाल्हाळ टाळावे.’ मेडिकलवाल्या भाऊंच्या ‘गेला’ला एक गुण, खाली लाल रेघ आणि प्रश्न : ‘कर्ता कोण?’

मॅच कोण जिंकलं ते त्या रात्री कोणी पाहिलंच नाही. सगळे गुणवाढीसाठी अर्ज करत होते. बारा वाजता मी कलम टाकलं. कलम 12 : मॅच चालू असताना मेंबरांचे मेसेज तपासून त्यांना गुण देऊ नये. गुरुजींनी ‘नये’चं ‘नयेत’ करून ते मला परत पाठवलं आणि सकाळी सगळ्यांच्या आधी टिळक चौकात दंड भरायला हजर झाले. मेंबरांच्या मागे लागून आग्रह करत होते, तर्री अजून घ्या, माझ्या कलमाची आहे.