पक्ष काढायचाय? या, बसा!

तिकीट कापलं म्हणून पक्ष कार्यालयात खुर्च्या मोडणाऱ्या तमाम निष्ठावंतांना आमचं कळकळीचं सांगणं आहे: बाबांनो, खुर्च्या मोडू नका, घरी न्या. पुढे लागतील. स्वतःचा पक्ष काढा.

काम अवघड नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्यात त्यासाठी २९ए नावाचं कलम करून ठेवलंय. किमान शंभर सभासद, दहा हजार रुपये शुल्क, पक्षाची घटना आणि त्या घटनेत संविधान, समाजवाद, धर्मनिरपेक्षता, लोकशाही यांवर श्रद्धा असल्याचं एक वाक्य. शंभर माणसं कुठून आणायची, हा प्रश्न मराठी माणसाने विचारू नये. आपल्याकडे साखरपुड्याला त्याहून जास्त येतात आणि जेवूनही जातात. नावाचाही घोर नको. राष्ट्रीय, महाराष्ट्र, जनता, स्वराज्य, क्रांती, सेना, आघाडी यांतले कुठलेही तीन शब्द कुठल्याही क्रमाने लावा. 'अखिल भारतीय' लावायला भारतभर असावं लागत नाही, लेटरहेडवर जागा असावी लागते.

एवढं करून काहीजण स्वस्थ बसले आणि तिथेच चुकले. सहा वर्षांत एकही निवडणूक न लढवलेल्या ३३४ पक्षांची नावं निवडणूक आयोगाने २०२५च्या ऑगस्टमध्ये यादीतून काढली. सप्टेंबरात आणखी ४७४ गेली. ऑगस्टमधल्या पक्षांची कार्यालयं म्हणे दिलेल्या पत्त्यावर सापडेनात. देणग्यांना प्राप्तिकरात सवलत मात्र त्या पत्त्यावर व्यवस्थित पोचत असावी, अशी आमची आपली शंका. तेव्हा अधूनमधून लढा. जिंकायची सक्ती नाही.

लढायचं म्हटलं की चिन्ह आलं. मान्यता नसलेल्या पक्षाला कायमचं चिन्ह नसतं. आयोगाच्या मुक्त चिन्हांच्या यादीतून निवडावं लागतं, आणि ती यादी वाचण्यासारखी आहे. फणस आहे, भेंडी आहे, ढोबळी मिरची आहे, नेलकटर आहे. संसार उभा राहील, सरकारचं बघू. प्रकाश आंबेडकरांच्या वंचित बहुजन आघाडीचंच बघा ना. २०१९च्या लोकसभेला कपबशी, त्याच वर्षी विधानसभेला गॅस सिलिंडर, २०२४च्या लोकसभेला प्रेशर कुकर, विधानसभेला पुन्हा सिलिंडर. पाच वर्षांत चारदा चिन्ह वाटलं गेलं आणि दर वेळी कार्यकर्त्याने नव्याने घरोघर जाऊन सांगायचं की, ताई, मागच्या वेळची कपबशी विसरा, आता कुकर. मोठ्या पक्षाचा उमेदवार पाच वर्षांनी उगवला तरी त्याचं चिन्ह आधीच मतदाराच्या डोक्यात बसलेलं असतं. छोट्याचे प्रचाराचे पंधरा दिवस चिन्हाची ओळख करून देण्यातच जातात. जाहीरनामा कधी वाचायचा?

विधानसभेला सगळ्या उमेदवारांना एकच चिन्ह हवं असेल तर किमान पाच टक्के जागा लढवायची तयारी दाखवावी लागते. महाराष्ट्राच्या २८८ जागांत ते झाले पंधरा मतदारसंघ.

आता अर्ज. इथे लोकशाहीचा खरा वास येतो. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. तुम्हाला दहा लागतात आणि दहाही त्याच मतदारसंघातले मतदार. शेवटच्या दिवशी तीनच्या ठोक्याला निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या दारात जे दृश्य असतं, ते एकदा बघून घ्या. मेहुणा सही करायला आलाय, पण त्याचं नाव शेजारच्या मतदारसंघात निघालं. नववा सूचक भाऊबंदकीतला, तो "शेताच्या बांधाचं आधी मिटव" म्हणून बाहेर झाडाखाली अडून बसलाय. कुणीतरी अनामत रकमेची चिल्लर पोत्यातून आणलीय आणि दोन कारकून ती मोजतायत. मोठ्या पक्षाचा उमेदवार पक्षाच्या उमेदवारीचा एबी फॉर्म खिशात घालून, फटाके लावून, पाच मिनिटांत आत जाऊन बाहेर येतो.

ही दहा सह्यांची अट कुठून आली, यात मराठी माणसाचा थोडा हात आहे. १९९६च्या लोकसभेला बेळगावात ४५६ उमेदवार उभे होते. सीमाप्रश्नाकडे दिल्लीने बघावं म्हणून महाराष्ट्र एकीकरण समितीने ही फौज उतरवली होती. त्याच वर्षी तेव्हाच्या आंध्रातल्या नलगोंड्यात ४८० आणि तमिळनाडूच्या मोडकुरिची विधानसभा मतदारसंघात १,०३३ जण होते. दिल्लीने मग लगेच बघितलं. सीमाप्रश्नाकडे नाही, उमेदवारांच्या संख्येकडे. दहा सूचकांची अट आली, लोकसभेची अनामत पाचशेची दहा हजार झाली, आज ती पंचवीस हजार आहे; विधानसभेची दहा हजार. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत तर ती सरकारजमा. सीमाप्रश्न होता तिथेच आहे.

अडथळे घातले ते हौशे-नवशे-गवशे गाळण्यासाठी, असं सांगतात. गळले कोण? ज्याच्यामागे कुणी नाही तो. ज्याला मागून कुणीतरी उभं करतं, त्याला दहा सूचक, अनामत, वकील आणि जीप सगळं घरपोच मिळतं. त्याला पक्षही लागत नाही. नाव पुरतं.

रायगड, २०१४. सुनील तटकरे अनंत गीतेंकडून २,११० मतांनी हरले. यंत्रावर आणखी एक सुनील तटकरे होते, अपक्ष. त्यांना ९,८४९ मतं पडली. नाव जुळत नसेल तर चिन्ह जुळवता येतं. २०२४ला शरद पवारांच्या पक्षाला 'तुतारी वाजवणारा माणूस' मिळाला आणि गावोगावच्या अपक्षांना एकाएकी ट्रम्पेट वाजवायची आवड निर्माण झाली. साताऱ्यात पवारांचे शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी पडले, ट्रम्पेटवाल्या अपक्षाने ३७,०६२ घेतली. दिंडोरीत तर चिन्हही जुळलं आणि आडनावही. पवारांचे भास्कर भगरे निवडून आले ते नशीब. दुसऱ्या भगऱ्यांनी १ लाख ३ हजारांवर मतं नेली. एवढी मतं मिळवायला आमच्या छोट्या पक्षांच्या दोन पिढ्या जातात. या गृहस्थांना सभाही घ्यावी लागली नाही.

निकालानंतर मोठे पक्ष टीव्हीवर बसून छोट्यांच्या नावाने खडे फोडतात. मतं खाल्ली म्हणतात, कुणाची तरी 'बी टीम' म्हणतात. म्हणजे मतं मुळात यांच्याच ताटातली होती, असा सातबारा कुणी दिला, ते विचारायचं नाही. शिवाय नामसाधर्म्याचा धंदा छोट्या पक्षाला परवडतच नाही. त्याला स्वतःच्या नावाचा उमेदवार मिळताना मारामार, दुसऱ्याच्या नावाचा कुठून शोधणार? मतदारयादी चाळून आडनावं जुळवायला यंत्रणा लागते, आणि यंत्रणा मोठ्यांकडे असते. मतविभाजनाचं घाऊक दुकान त्यांचं, गल्ल्यावर तेच बसलेत, आणि 'चोर, चोर' म्हणून ओरडतायतही तेच.

तेव्हा पक्ष काढा, आमच्या शुभेच्छा आहेत. आणि मतदारहो, तुम्हाला एकच विनंती. यंत्रावर आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार असतात, मग नुसत्या नोंदणीकृत पक्षांचे, शेवटी अपक्ष. २०१५पासून प्रत्येक नावाशेजारी फोटोही असतो. बटण दाबण्याआधी तो बघा. आडनाव ओळखीचं आहे म्हणून माणूस ओळखीचा असतोच असं नाही.